मोठी कॅराव्हॅन विदर्भात बंद पडली तर: ब्रेकडाउन कव्हर कसं घ्यायचं आणि गाडी कशी उचलून न्यायची

नागपुरात रिंग रोडवर कार बंद पडली तर एका फोनवर तिला उचलणारी गाडी येते. सात मीटर लांब आणि पाच टन वजनाची कॅराव्हॅन धारणीच्या अलीकडच्या जंगलात किंवा आलापल्लीच्या पुढे बंद पडली, की गोष्ट वेगळी होते. फोन घेणारा माणूस दुसऱ्या राज्यात बसलेला असतो. त्याच्या यादीतली सगळ्यात जवळची उचलगाडी कारच्या मापाची असते आणि तीही शंभर-दीडशे किलोमीटरवर. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशेच्या घरात. कव्हर विकताना ही अंतरं कुणी सांगत नाही. म्हणून तुमच्या नेमक्या गाडीला आणि तुम्ही जाणार त्या भागात ते लागू पडतं का, हे गाडी घरासमोर उभी असतानाच तपासायला हवं.

वजन आणि मापं आधी, पॉलिसी नंतर

कॅराव्हॅनचं कव्हर फसतं ते बहुतेक वेळा वजनापाशी. आरसीवरचं रिकामं वजन अनेकदा चॅसिस किंवा मूळ प्रवासी बॉडी असतानाचं असतं. त्यानंतर आत पलंग, ओटा, टाक्या, बॅटऱ्या, छतावर सोलर आणि एसी चढलेला असतो. १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो. १५० अँपिअर-अवरची एक ट्युब्युलर बॅटरी ५५-६० किलोची, आणि अशा दोन-तीन असतात. चार-सहा माणसं आणि त्यांचं सामान धरलं की टनभर वजन सहज वाढलेलं असतं.

विदर्भात धरमकाटा शोधायला लांब जावं लागत नाही. बाजार समिती, कापसाची जिनिंग, कोळशाच्या वाहतुकीचे रस्ते, सगळीकडे आहेत. कापसाचा हंगाम सोडून किंवा सकाळी लवकर जा, नाहीतर गाड्यांच्या रांगेत अडकाल. गाडी प्रवासाला निघते तशी भरा: पाण्याची टाकी पूर्ण, डिझेल पूर्ण, सिलेंडर आणि माणसं आत. मग तीन वजनं घ्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाच्या जवळ यायला हवं. फरक मोठा आला तर काट्याच्या तोंडाशी उतार आहे, दुसरा काटा पाहा. तिन्ही पावत्या जपून ठेवा.

पूर्ण वजन आरसीवरच्या ग्रॉस वजनापेक्षा (भरलेल्या गाडीच्या कमाल वजनापेक्षा) जास्त निघालं तर पुढचं वाचायच्या आधी सामान कमी करा. मोटार पॉलिसीच्या छापील अटींत जादा भारामुळे झालेलं नुकसान सरळ वगळलेलं असतं. शिवाय ॲक्सलवर भार जास्त असेल तर उन्हाळ्यात टायर फुटणार, हे ठरलेलंच.

आता टेप घेऊन गाडीभोवती फिरा. एकूण लांबी, रुंदी, आणि छतावरच्या सगळ्यात उंच वस्तूपर्यंतची उंची. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत व्हीलबेस. मागच्या चाकाच्या मध्यापासून शेपटापर्यंतचं ओव्हरहँग. शेपटाचा सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून किती वर आहे तेही, कारण बहुतेक बांधणीत सांडपाण्याची टाकी किंवा तिचा पाइप तिथेच लोंबतो. पुढचा आणि मागचा टो-हूक चॅसिसला आहे की बंपरमागे दडला आहे, हे खाली वाकून बघा. बॉडी बांधणाऱ्याने फायबरच्या पॅनलखाली हूक झाकून टाकलेला असेल तर तिथे भोक पाडून घ्या. रस्त्यावर, रात्री, चिखलात ते पॅनल तोडावं लागेल, आणि त्याचा खर्च कुणी देणार नाही.

हे सगळं एका कार्डावर लिहा. सोबत नोंदणी क्रमांक, चॅसिसची कंपनी आणि मॉडेल, टायरचा साइज, मागे जोडचाकं आहेत का, ब्रेक हायड्रॉलिक की हवेचे, आणि गाडीची वीज १२ व्होल्टची की २४ व्होल्टची. कार्ड लॅमिनेट करून ड्रायव्हरच्या सन व्हायझरमागे ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये.

व्होल्टेजची ओळ कुणी लिहीत नाही. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या छोट्या चॅसिसवर १२ व्होल्ट असतात. बस किंवा ट्रकच्या मोठ्या चॅसिसवर दोन बॅटऱ्या मालिकेत जोडून २४ व्होल्ट. जंप-स्टार्ट द्यायला येणारा मुलगा कारचं १२ व्होल्टचं बूस्टर घेऊन येतो. त्याने २४ व्होल्टची गाडी सुरू होत नाही आणि तो 'सेवा दिली' अशी नोंद करून निघून जातो. त्यात कॅराव्हॅनमध्ये घरगुती वापराची बॅटरी वेगळी असते. इंजिनची बॅटरी कुठली, हे तिच्यावर रंगाने लिहून ठेवा.

आरसी आणि पॉलिसी एकमेकांशी जुळतात का

आरसीवर वाहनाचा वर्ग काय लिहिला आहे? मोटर कॅराव्हॅन, कॅम्पर व्हॅन, ऑम्नी बस, की अजून जुनाच प्रवासी वाहनाचा वर्ग? बदल केलेल्या गाडीची नोंद आरटीओत झालेली नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न उभा राहतो आणि दावा तिथेच अडकतो. पॉलिसीवरचा वर्ग, सीट्स आणि वजन आरसीप्रमाणेच हवं. खाजगी वापराची पॉलिसी काढून गाडी भाड्याने देत असाल तर अपघात झाला काय किंवा ब्रेकडाउन झालं काय, कंपनी 'वापराची मर्यादा' दाखवून हात वर करते, आणि तिथे ती चूक नसते.

आतल्या सामानाची किंमत वेगळी जाहीर करा. एसी, इन्व्हर्टर, बॅटऱ्या, सोलर, फ्रिज हे इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजमध्ये. फर्निचर, टाक्या, छत्री हे बिगर-इलेक्ट्रिकलमध्ये. क्रेनने उचलताना यातलं काही तुटलं तर जाहीर न केलेल्या वस्तूचा एक रुपयाही मिळत नाही.

लायसन्सही पाहा. ७५०० किलो ग्रॉस वजनापर्यंतची गाडी एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालते. त्याच्या वरच्या बस-चॅसिसला जड वाहनाचं लायसन्स लागतं. गाडी ओढून नेताना स्टिअरिंगवर बसणाऱ्यालाही त्या वर्गाचं लायसन्स लागतं, म्हणून हे इथे सांगितलं.

साध्या पॉलिसीत किती मिळतं

फारच कमी. पॅकेज पॉलिसीच्या छापील नमुन्यात अपघातानंतर गाडी जवळच्या गॅरेजला नेण्यासाठी खाजगी कारला १५०० रुपये आणि मोठ्या व्यावसायिक वाहनाला २५०० रुपये एवढीच मर्यादा आहे. तीही अपघातासाठी. यांत्रिक किंवा विजेचा बिघाड मूळ पॉलिसीत धरलेलाच नसतो. गिअरबॉक्स गेला, अल्टरनेटर जळला, क्लच बसला, तर मूळ पॉलिसीतून काहीही मिळत नाही. अपघाती टोइंगची मर्यादा जादा प्रीमियम भरून वाढवता येते. मोठ्या गाडीला ती वाढवून घ्याच. एकटी क्रेन बोलावली तरी मूळ रक्कम संपलेली असते.

बिघाडासाठी तीन वाटा आहेत. पॉलिसीवरचं रोडसाइड असिस्टन्सचं ॲड-ऑन, चॅसिस कंपनीची स्वतःची ब्रेकडाउन सेवा, किंवा वेगळी विकत घेतलेली सदस्यता.

आमचं मत विचाराल तर मोठ्या गाडीला चॅसिस कंपनीची सेवा आधी, बाकीचं नंतर. फोर्स, टाटा, आयशर, अशोक लेलँड, भारतबेंझ या कंपन्यांचे डीलर आणि वर्कशॉप नागपूरला आणि विदर्भातल्या मोठ्या शहरांत सापडतात. त्यांचा मेकॅनिक गाडीचं इंजिन ओळखतो, त्याच्याकडे त्या गाडीला लागणारा, बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर असतो, आणि बीएस-६ गाडीत बरेच बिघाड सेन्सरचे असल्यामुळे स्कॅनरशिवाय कुणी आलं तरी उपयोग नसतो. फक्त एक खात्री करा: बॉडीत बदल झाल्यावरही ती सेवा लागू आहे का. मूळ वायरिंगमधून इन्व्हर्टर किंवा एसीला जोड घेतला असेल तर वॉरंटीतली सेवा नाकारली जाऊ शकते. म्हणून घरगुती वीज पूर्ण वेगळी ठेवावी आणि चार्जिंगसाठी मधे आयसोलेटर किंवा डीसी-डीसी चार्जर (दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारा) घालावा.

कव्हर घेताना विचारायचे प्रश्न

हे फोनवर विचारा आणि मग ईमेलवर लेखी उत्तर मागा. 'हो सर, सगळं कव्हर आहे' हे तोंडी उत्तर रात्री दोन वाजता कामाला येत नाही.

पहिला प्रश्न वजनाचा. 'माझी गाडी एवढ्या टनाची, एवढी लांब, एवढी उंच आहे. तुमच्या योजनेत वजनाची किंवा लांबीची कमाल मर्यादा किती?' कारसाठी आखलेल्या योजनेत ही मर्यादा अटींच्या शेवटच्या पानावर असते. ती तुमच्या धरमकाट्याच्या आकड्याच्या वर हवी, आरसीच्या रिकाम्या वजनाच्या नव्हे.

दुसरा अंतराचा, आणि इथेही लोक फसतात. '५० किलोमीटरपर्यंत टोइंग मोफत' म्हणजे कुठून मोजलेले ५०? गाडी बंद पडली तिथून गॅरेजपर्यंत, की क्रेन तिच्या तळावरून निघाली तिथपासून परत तळापर्यंत? समजा, गाडी आर्णीजवळ बंद पडली. क्रेन यवतमाळहून आली, गाडी घेऊन नागपूरला गेली आणि रिकामी यवतमाळला परतली. पहिल्या पद्धतीने आर्णी ते नागपूर एवढंच अंतर धरलं जातं, दुसऱ्या पद्धतीने सगळा फेरा. ५० च्या वरचा प्रत्येक किलोमीटर तुमच्या खिशातून. म्हणून विचारा: जादा किलोमीटरचा दर किती, तो एकेरी की दुहेरी, टोल कोण भरणार, रात्रीचा जादा आकार आहे का.

तिसरा: रस्ता सोडून खाली गेलेली, चिखलात रुतलेली किंवा कलंडलेली गाडी बाहेर काढणं धरलेलं आहे का? बहुतेक योजना 'गाडी पक्क्या रस्त्यावर आणि चाकांवर उभी' असेल तरच लागू होतात. विदर्भात पावसाळ्यात हीच अट सगळ्यात जास्त आड येते.

चौथा: टायर पंक्चर झाल्यावर नेमकं काय करणार? फक्त स्टेपनी बदलून देणार असतील, तर जोडचाकं खोलणारा पाना आणि निदान ५ टनाचा जॅक घेऊन येणार का? दुचाकीवरून आलेल्या मुलाकडे कारचा जॅक असतो.

पाचवा: त्यांना पाठवायला उचलगाडी मिळाली नाही तर? मी स्वतः क्रेन लावली तर पैसे परत मिळतील का, किती मर्यादेपर्यंत, आणि त्यासाठी आधी कुणाची परवानगी लागेल?

वर्षातून किती वेळा सेवा मिळते, पॉलिसी सुरू झाल्यावर किती दिवसांनी लागू होते आणि डिझेल आणून दिलं तर त्याचे पैसे वेगळे का, हेही याच फोनवर विचारून घ्या. शेवटी तालुक्याचं नाव घेऊन विचारा: 'धारणी, एटापल्ली, कुरखेडा, सालेकसा इथे तुमचा माणूस आहे का? मोठी गाडी कुठून पाठवाल?' ज्याला उत्तर माहीत आहे तो शहराचं नाव सांगतो. ज्याला नाही तो 'पॅन इंडिया' म्हणतो.

स्वतःची साखळी बांधणं

कागदावरचं कव्हर कितीही चांगलं असलं तरी प्रत्यक्ष काम करणार तो स्थानिक क्रेनवालाच. कंपनीही शेवटी त्यालाच फोन करते. मग त्याचा नंबर तुमच्याकडे का नसावा?

मोठ्या क्रेना आणि लो-बेड (बसक्या पाठीचे) ट्रेलर कुठे असतात, तर जिथे जड वाहतूक आहे तिथे. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा, वणी हा कोळशाचा पट्टा. नागपूरजवळ बुटीबोरी, हिंगणा आणि वाडी. पश्चिमेला अमरावतीची नांदगाव पेठ एमआयडीसी, अकोला, खामगाव. वर्ध्याजवळ देवळी. पूर्वेला भंडारा, तुमसर, गोंदिया. गडचिरोलीच्या दक्षिण भागात सुरजागडच्या लोहखनिजाच्या वाहतुकीमुळे आष्टी-आलापल्ली रस्त्यावर जड गाड्यांची वर्दळ आहे, त्यामुळे त्यांचे मेकॅनिकही त्या बाजूला. मेळघाटात मात्र परतवाडा सोडलं की मोठं काही मिळेल असं धरून चालू नका.

प्रवासाच्या आधी रस्त्यावरच्या दोन-तीन गावांतले नंबर काढा: एक हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन) किंवा मोठी क्रेन, एक लो-बेड ट्रेलर (पोकलेन ने-आण करणारे), एक जड वाहनांचा टायरवाला, एक जेसीबी. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, नाहीतर ट्रकच्या टायरवाल्याकडे विचारलं की चांगली नावं मिळतात. फोन करून दर कसा लावतात ते विचारा: जागेवर यायचे किती, किलोमीटरचे किती, थांबण्याचे तासाचे किती. आधी ठरलेला दर आणि अंधारात ठरलेला दर यांत फार फरक पडतो.

राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही चोवीस तासांची हेल्पलाइन आहे. जुन्या भंडारा-नागपूर-अमरावती-अकोला मार्गावर (आताचा ५३), नागपूर-हिंगणघाट-पांढरकवडा रस्त्यावर (४४), वर्धा-यवतमाळ-उमरखेड रस्त्यावर (३६१) ती लावा. तिची क्रेन रस्त्यातला अडथळा दूर करून गाडी सुरक्षित जागी लावते. तुमच्या पसंतीच्या गॅरेजपर्यंत नेणं तिचं काम नाही. राज्य मार्गावर आणि जिल्हा मार्गावर हा नंबर उपयोगाचा नाही. तिथे पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

समृद्धी महामार्ग एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाचा आहे, त्याची मदत वेगळी. तिथला हेल्पलाइन नंबर टोलनाक्यावर चढतानाच मोबाइलमध्ये घ्या. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे मालेगाव किंवा मेहकरचा ओळखीचा मेकॅनिक मोटारसायकलवरून तुमच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. मधे वळण्याची सोय नसल्याने तुमच्या पलीकडच्या बाजूने आलेल्या क्रेनला पुढच्या इंटरचेंजवर उतरून परत चढावं लागतं. म्हणून दिशा सांगायला विसरू नका: 'नागपूरकडून मुंबईकडे, किलोमीटर इतका'.

बंद पडल्यावर पहिली वीस मिनिटं

इंजिनचा आवाज बदलला, तापमानाचा काटा चढला, स्टिअरिंग जड झालं, की गाडी चालते आहे तोवर जागा निवडा. पक्की, सपाट, वळणापासून लांब. पावसाळ्यात डांबराच्या बाहेरची साइडपट्टी कितीही हिरवी आणि सपाट दिसली तरी तिच्यावर पाच टन उतरवू नका. खाली काळी माती आहे. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर किंवा सागाच्या पाचोळ्यावर उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरने वणवा लागतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम आहे, हे लक्षात असू द्या.

हॅझार्ड दिवे लावा. हँडब्रेक ओढा, चाकांना लाकडी गुटके लावा. रिफ्लेक्टरचा त्रिकोण मागे किमान १०० मीटरवर ठेवा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. अंगात चमकणारं जाकीट घाला. माणसं रस्त्याकडे नसलेल्या बाजूच्या दाराने उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभी करा. याला अपवाद जंगलाचा: ताडोबाच्या आसपास, पेंचमध्ये, मेळघाटात रात्री बाहेर फिरू नका. गाडी रस्त्यातून पूर्ण बाजूला असेल तर आतच बसा.

रस्त्यावर दगड आणि झाडाच्या फांद्या मांडायची आपल्याकडे सवय आहे. गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि रात्री शेतावरून परतणारा दुचाकीस्वार त्याच्यावर आदळतो. एकही दगड मागे ठेवून जाऊ नका.

गाडी सोडून निघून जाणंही टाळा. सार्वजनिक जागी दहा तासांहून जास्त बेवारस राहिलेली गाडी पोलिस उचलू शकतात. पॉलिसीतही गाडी काळजी न घेता सोडून दिल्यास आणि बिघडलेली गाडी तशीच दामटल्यास वाढलेलं नुकसान तुमच्या माथी येतं. तापलेलं इंजिन 'पुढच्या गावापर्यंत नेऊ' म्हणून चालवलं की साध्या हॉज पाइपचं काम हेड गॅस्केटवर जातं.

फोन करण्याआधी तीन गोष्टी पाहा. बॅटरीची टर्मिनलं घट्ट आहेत का. फॅन बेल्ट जागेवर आहे का. बीएस-६ गाडीत डॅशबोर्डवर डीईएफची, म्हणजे ड्रायव्हर ज्याला युरिया म्हणतात त्याची, खूण लागली आहे का. डीईएफ संपलं की इंजिनची ताकद मुद्दाम कमी होते. हा बिघाड नसतो. १० लिटरचा सीलबंद कॅन जवळ ठेवला तर क्रेनच लागत नाही. कृषी केंद्रातला खताचा युरिया पाण्यात मिसळून ओतण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सगळी एससीआर (धूर स्वच्छ करणारी) यंत्रणा निकामी होते, आणि ती फार महाग आहे.

फोनवर जागा कशी सांगायची

इथे गावांची नावं घात करतात. 'मालेगाव' म्हटलं की कॉल सेंटरचा संगणक नाशिकचं मालेगाव काढतो. तुम्ही वाशिमच्या मालेगाव जहांगीरला असता. कारंजा लाड वाशिम जिल्ह्यात, कारंजा घाडगे वर्ध्यात. आष्टी वर्ध्यात आहे, गडचिरोलीत आहे आणि बीडमध्येही. म्हणून जिल्हा आधी, मग तालुका, मग गाव, आणि पिनकोड. विदर्भातले पिनकोड ४४ ने सुरू होतात. समोरच्याने वाचून दाखवलेला पिन ४२ किंवा ४३ ने सुरू झाला तर तिथेच थांबवा.

'जिल्हा वाशिम, तालुका मालेगाव. मालेगावहून मेहकरकडे जाताना इतक्या किलोमीटरवर, डाव्या हाताला, अमुक फाट्याजवळ. गाडी कार नाही. बस-चॅसिसची कॅराव्हॅन आहे, लांबी ७ मीटर, उंची ३.१ मीटर, वजन ५ टन, मागे जोडचाकं. क्लच बसला आहे, चाकं फिरतात, गाडी डांबरावर उभी आहे. कारचा फ्लॅटबेड, म्हणजे सपाट पाठीची उचलगाडी, पाठवू नका.' एवढं बोललात की काम नीट सुरू होतं. तक्रार क्रमांक, बोलणाऱ्याचं नाव, वेळ आणि येणाऱ्या क्रेनचा नंबर लिहून घ्या. नंतर लोकेशन व्हॉट्सॲपवर टाका. रेंज नसेल तर उंचवट्यावर जा, आणि आडवाटेच्या प्रवासाला दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा. त्यातलं एक बीएसएनएलचं असू द्या.

उचलणं आणि ओढणं

क्रेन आली म्हणजे धोका संपला असं नाही. कॅराव्हॅनचं बरंच नुकसान इथेच होतं.

बॉडीभोवती पट्टा घालून उचलू देऊ नका. हायड्राचा चालक सवयीने पट्टा बंपरखालून किंवा बॉडीखालून घेतो. ट्रकचं लोखंड ते सहन करतं. तुमचं फायबर आणि आतलं फर्निचर करत नाही. पट्टा फक्त चॅसिसच्या मेंबरला किंवा ॲक्सलला.

पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फिरवत न्यायची असतील तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा दांडा) काढलाच पाहिजे. इंजिन बंद असताना मागची चाकं गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट फिरवत राहतात. पण आतलं तेल उडवणारे गिअर थांबलेले असतात, त्यामुळे बेअरिंगला तेल मिळत नाही. न्यूट्रल ठेवून हे टळत नाही. शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर खडूने किंवा रंगाने समोरासमोर खूण करा, म्हणजे परत बसवताना बॅलन्स बिघडणार नाही. बोल्ट-नट एका डब्यात. लांब गाडीत शाफ्टचे दोन तुकडे आणि मधे बेअरिंग असतं. तिथे मागचा तुकडा काढला तरी पुरतं. पुढचं टोक वर उचललं की शेपूट खाली येतं, म्हणून सांडपाण्याचा पाइप रस्त्याला लागत नाही ना ते चालू लागण्याआधी पाहा.

हवेच्या ब्रेकची गाडी असेल तर हवा गेल्यावर मागची चाकं आपोआप जाम होतात. स्प्रिंग ब्रेकची रचनाच तशी आहे. क्रेनच्या कंप्रेसरमधून हवा देऊन, नाहीतर ब्रेक चेंबरचा रिलीज बोल्ट फिरवून ती सोडवतात. त्याआधी चाकांना गुटके नीट लागलेले हवेत, कारण बोल्ट फिरल्यावर गाडीला ब्रेकच उरत नाही. चेंबरचे क्लॅम्प मात्र कुणालाही खोलू देऊ नका. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस जागीच जातो.

फ्लॅटबेडवर चढवताना शेपटाचा हिशोब करा. रॅम्प १२ अंशांचा असेल आणि मागचं ओव्हरहँग २.२ मीटर, तर शेपूट जवळजवळ ४५ सेंटीमीटर खाली येतं. तुमच्या शेपटाखाली ४० सेंटीमीटर जागा असेल तर ते घासणार. रॅम्पच्या पायाशी जाड फळ्या घालून चढ कमी करा, किंवा गाडी उलटी चढवा. आणि उंची: फ्लॅटबेडची साधारण १ मीटर आणि गाडीची ३.१ मिळून ४ मीटरच्या वर जातात. खेड्यातल्या लोंबत्या तारा, रेल्वेच्या अंडरपासच्या लोखंडी चौकटी, गावच्या कमानी, हे सगळं वाटेत आहे. चालकाला उंची सांगा आणि रस्ता मिळून ठरवा. लो-बेड मिळत असेल तर थोडा जास्त वेळ थांबून तोच घ्या.

दोरीने ओढणं फक्त रस्त्यातून बाजूला करण्यापुरतं. इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग नसतं आणि बूस्टरचे ब्रेक दोन-तीन दाबांत दगड होतात. पाच टन दोरीवर थांबत नाहीत. लांब न्यायचंच तर लोखंडी टो-बार. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, मागे 'ऑन टो'ची पाटी, आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसन्सवाला चालक. चावी ऑन ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल.

निघण्याआधी गॅसचा रेग्युलेटर बंद, पाण्याची टाकी रिकामी, इन्व्हर्टर बंद, कपाटांना पट्टे. आत एकही माणूस नको.

काळ्या मातीत रुतली तर

चाक हबपर्यंत मातीत गेलं की गाडी ओढायला साधारण तिच्या वजनाएवढाच जोर लागतो. म्हणजे पाच टनाला पाच टन. ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आसपास असतो, आणि ओल्या काळ्या मातीत त्याची ओढ त्याच्या वजनाच्या निम्मीही धरणं कठीण. एक ट्रॅक्टर लावून पुन्हा पुन्हा हिसके दिले तर हूक तुटतो, क्लच जळतो आणि ट्रॅक्टरही रुततो.

आधी जोर कमी लागेल असं करा. ॲक्सिलरेटर सोडा, चाक फिरवत राहिलात तर ते स्वतःची विहीर खोदतं. पाणी सोडा, सामान आणि माणसं उतरवा. चाकांच्या पुढची माती फावड्याने उतरती काढा आणि ॲक्सल टेकला असेल तर त्याच्या खालचीही. जॅक लावायचा तर खाली फूटभर चौरस, दोन इंच जाड फळी, नाहीतर जॅकच मातीत जातो. उचललेल्या चाकाखाली मुरूम, विटांचे तुकडे किंवा पऱ्हाटीच्या बांधलेल्या पेंढ्या आडव्या घाला. सुटी पऱ्हाटी नको. तिची तिरकी कापलेली बुडखं टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतात. तुराट्या त्या मानाने बऱ्या.

मग ओढायला डांबरावर उभा असलेला जेसीबी किंवा ट्रक, कधीच त्याच चिखलातला ट्रॅक्टर नाही. दोन लाल पट्टे, म्हणजे प्रत्येकी ५ टनाचे, आणि पाऊण इंची डी-शॅकल (पट्टा अडकवायची लोखंडी कडी), ज्याची क्षमता पावणेपाच टन असते. ताण दोन्ही चॅसिस मेंबरवर वाटून द्या. पट्ट्यावर मधोमध ओलं पोतं टाका आणि पट्ट्याच्या लांबीएवढ्या अंतरात कुणालाही उभं राहू देऊ नका. गावातली पोरं बघायला गोळा होतात, त्यांना आधी लांब करा. हळू, सलग ओढ द्या. जेसीबी शेतातून आणायचा असेल तर शेतमालकाला विचारा. धुरा मोडला, पिकावरून चाक गेलं तर त्याची भरपाई तिथेच द्या. त्याचं वर्षाचं पीक आहे ते.

पैसे परत मिळवणं

कंपनीची गाडी ठरल्या वेळेत आली नाही तर पुन्हा फोन करून म्हणा: 'तुमच्याकडे गाडी उपलब्ध नाही, असा मेसेज पाठवा, आणि मी स्वतः क्रेन लावायला मंजुरी द्या.' मेसेज आला नाही तर तुम्हीच त्यांच्या ईमेलवर तक्रार क्रमांकासह हे लिहून टाका. मंजुरीशिवाय दिलेल्या पैशांचा दावा सगळ्यात आधी फेटाळला जातो.

उचलण्याआधी चारही बाजूंचे, छताचे आणि आतले फोटो काढा. उतरवल्यावर पुन्हा तेच. बिलावर क्रेनचा नंबर, कुठून कुठे, किलोमीटर, तास, तारीख आणि तुमच्या गाडीचा नंबर हवा. 'टोइंग चार्जेस' एवढ्याच दोन शब्दांचं बिल घेऊ नका. अपघात असेल तर सर्व्हेअर पाहीपर्यंत गॅरेजला खोलायला सांगू नका.

उत्तर नाही आलं तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामक आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वर. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. कंपनीने नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत, आणि त्याला शुल्क नाही. मोठ्या गाडीच्या दाव्यात धरमकाट्याच्या पावत्या आणि विक्रेत्याचं लेखी उत्तर हे दोन कागद सगळ्यात जास्त कामाला येतात.

गाडी दुरुस्त होऊन हातात आली की ५० किलोमीटरनंतर थांबा. प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट आणि खोललेल्या चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या, ब्रेक चेंबरचे रिलीज बोल्ट मूळ जागी परतले आहेत का ते पाहा, आणि वर्षातल्या सेवांपैकी किती उरल्या ते कार्डाच्या मागे लिहा.